विकत घेतले, पण कोणाचे?

परवा भाचा घरी आला होता. वय सत्तावीस, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ व्हिडिओ गेमला वाहिलेला. त्याच्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची, ही जुनी तक्रार. मीही वर्षानुवर्षे तिच्या बाजूने मान डोलावत आलो. या वेळी मात्र त्याने असा प्रश्न विचारला की बँकेत काढलेली माझी पस्तीस वर्षे खडबडून जागी झाली.

"मामा, कर्ज देताना एखादी वस्तू माणसाच्या मालकीची आहे हे तुम्ही कशावरून ठरवायचात?"

मी सवयीने सांगून टाकले, वस्तू त्याला विकता येते का, तारण ठेवता येते का, आणि तो गेल्यावर ती वारसाला मिळते का, एवढे पाहायचे.

"मग ऐका. माझ्याकडे तीनशे गेम आहेत. सगळे रोख पैसे मोजून घेतलेले. त्यातला एकही मला विकता येत नाही. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मृत्युपत्रात लिहिले तरी उपयोग नाही."

"मग ते तुझे नाहीतच," मी म्हणालो.

"तेच तर म्हणतोय मी!"

माझ्या मुलाच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम घरोघरी आला होता. त्याच्या जाड प्लॅस्टिकच्या कॅसेटी असत. चालेना, की कॅसेट काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हे त्या पिढीचे तंत्रज्ञान. सुट्टीत त्या कॅसेटी वाड्यातल्या आठ-दहा घरांतून फिरत. एखादी हरवली की दोन आयांचे आठवडाभर बोलणे बंद. त्यातल्या दोन आजही आमच्या माळ्यावर आहेत. त्या बनवणाऱ्या कंपनीचे पुढे काय झाले कोण जाणे. पण तिचा माणूस माळ्यावर चढून कॅसेट उचलून नेणार नाही, एवढे नक्की.

आता मात्र तेही घडते. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतींचा गेम युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 2014 च्या डिसेंबरात बाजारात आणला. अख्खी अमेरिका लहान करून त्यात बसवलेली, खेळणाऱ्याने गाडी घेऊन मनसोक्त भटकावे. अट एकच, एकट्याने खेळायचे असले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवीच. 2023 च्या डिसेंबरात विक्री थांबली, 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाला, आणि ज्यांनी डिस्क विकत घेऊन कपाटात जपून ठेवली होती, त्यांच्या हातात एक चकचकीत चकती तेवढी उरली.

यावर रॉस स्कॉट या अमेरिकन गृहस्थाने 2024 मध्ये एक मोहीम सुरू केली. तिची मागणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण विरोधक ती भलतीच करून सांगतात. कंपनीने सर्व्हर जन्मभर चालवावा असे कोणी म्हणत नाही. धंदा परवडत नाही तर दुकान बंद करा. पण जाताना विकलेला माल ग्राहकाला आपापल्या घरी वापरता येईल अशा अवस्थेत सोडा, इतकेच. युरोपीय संघात नागरिकांनी सह्या करून प्रस्ताव मांडण्याची सोय आहे. 2025 च्या जुलैत या प्रस्तावावरच्या सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. माझ्या बहिणीने ज्यांना 'रिकामटेकडे' म्हटले असते, त्यांनी हे घडवले!

उत्पादकांचीही बाजू आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. सर्व्हर लोकांच्या हाती सोपवला तर तिथे काय चालते यावर आमचा ताबा राहणार नाही, आणि असे गेम बनवणे फार महाग पडेल, असे ते म्हणतात. हजारो माणसे एकाच वेळी खेळतात त्या गेमांबाबत मला हे पटते. एकट्याने गाडी फिरवण्याच्या गेमला ही अडचण का यावी, हे मात्र भाच्यालाही समजावता आले नाही.

पुस्तके यातून सुटली असे वाचकांनी समजू नये. 2009 च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून काही पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असे कारण होते. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पुस्तक होते जॉर्ज ऑर्वेलचे '1984'. कादंबरीत मी असा योगायोग लिहिला असता तर संपादकाने तो खोडला असता.

कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला, तो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. ग्राहकाला केवळ परवानाच मिळतो आहे हे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असे शब्द वापरायला त्याने बंदी केली. म्हणजे पाटी खरी झाली, व्यवहार तोच राहिला.

वस्तू हातात धरता येत नाही म्हणून मालकीही देता येत नाही, हा युक्तिवाद मला बँकवाला म्हणून मुळीच मान्य नाही. शेअरचे कागद आम्ही तिजोरीत गठ्ठ्यांनी ठेवत असू. सही जुळत नाही, हस्तांतराचा फॉर्म फाटला, टपालात प्रमाणपत्र गहाळ झाले, एक ना दोन कटकटी. 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि कागद गेला. शेअर म्हणजे संगणकातली एक नोंद उरली. पण म्हणून मालकी गेली का? उलट, ती नोंद विकता येते, तारण ठेवता येते, तिच्यावर वारसाचे नाव लावता येते, आणि कंपनीला लहर आली म्हणून ती पुसता येत नाही. कायद्याने तसे लिहून ठेवले म्हणून हे झाले. गेमांच्या बाबतीत कोणी लिहिलेले नाही. कंपन्यांनी लिहिले आहे ते त्यांच्या अटींच्या पानांत, आणि ती पाने आपण न वाचता 'मान्य' म्हणतो. (कर्जाचे कागदही लोक वाचत नसत. निदान मी सही घेण्याआधी विचारत तरी असे.)

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली, ती मनाला लागली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली. 2010 पूर्वी तिथे आलेल्या गेमांपैकी 87 टक्के गेम आज बाजारात मिळतच नाहीत. आपल्याला हे नवे नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याचा आज काही भागच शिल्लक आहे. करमणुकीची वस्तू जपून काय करायची, असे तेव्हाही वाटले असेल. पुस्तकांचे नशीब बरे. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. माझ्या ज्या कादंबऱ्या कोणी विकत घेतल्या नाहीत, त्याही त्यामुळे कुठल्यातरी फळीवर धूळ खात सुखरूप असतील. भाच्याच्या पिढीच्या कादंबऱ्या या गेमांत आहेत, असे तो म्हणतो. पूर्वी मी हसलो असतो.

निघताना त्याने माळ्यावरच्या त्या दोन कॅसेटी मागितल्या. मी दिल्या. मग कपाटापाशी थांबून माझी एक कादंबरीही काढून घेतली. "वाचून परत करतो मामा," म्हणाला. गेल्या वेळी नेलेली दोन पुस्तके अजून आलेली नाहीत. मी ती वहीत मांडून ठेवली आहेत.