पडद्यावरची शिस्त घरचीच हवी

आंबागडच्या किल्ल्याच्या परिसरात धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा बराचसा कारभार आता मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पेऱ्याची नोंद त्याने स्वतःच करावयाची असते. सातबारा, दाखले, पतसंस्थेचे खाते हेही हळूहळू त्याच वाटेने चालले आहे. परंतु एका पडद्यावर ‘जतन करा’ असते, दुसऱ्यावर ‘साठवा’, तर तिसऱ्यावर ‘सबमिट’. एके ठिकाणी तांबडा रंग धोका सांगतो, दुसरीकडे तोच शोभेसाठी असतो. माणूस गोंधळला की आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. वस्तुतः गोंधळ पडदा घडविणाऱ्यांचा असतो.

नागपूर-भंडाऱ्याकडे पतसंस्थांसाठी, भातगिरण्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारा पाच-सात जणांचा चमू घेतला, तरी हा दोष कसा उद्भवतो हे कळते. प्रत्येक प्रोग्रॅमर आपले बटण नव्याने घडवितो, आपला रकाना आपल्या मनाप्रमाणे आखतो. यावरचा उपाय ‘डिझाइन सिस्टीम’ या नावाने ओळखला जातो. रंग, अक्षरांचे आकार, अंतरे, बटणे, रकाने आणि चुकीच्या सूचना एकदाच ठरवावयाच्या, त्यांचा प्रोग्रॅम एकदाच लिहावयाचा, आणि सर्वांनी तोच वापरावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. गूगलने २०१४ मध्ये आपली ‘मटेरिअल डिझाइन’ जाहीर केली. ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये आपल्या सर्व खात्यांसाठी अशी व्यवस्था खुली केली.

मग तयार माल फुकट मिळत असताना लहान चमूने हा खटाटोप का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. दिनांक निवडण्याची खिडकी किंवा अंध व्यक्तींच्या वाचकयंत्राला समजणारी यादी यांवर मोठ्या संस्थांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली आहे. ती पाच जणांनी पुन्हा करू पाहणे हा अव्यापारेषु व्यापार होईल. परंतु या मालाचे माप रोमन लिपीवरून घेतलेले असते. देवनागरीला शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. ओळींमधील अंतर रोमनच्या बेताने ठेवले की त्यांची टोके छाटली जातात. अक्षरे विरळ केली की शिरोरेखा तुटते. मोठ्या लिपीतील अक्षरांनी जोर देण्याची इंग्रजी युक्ती येथे निरुपयोगीच. शिवाय लाख-कोटींचे स्वल्पविराम, हेक्टर-आर, वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचा रकाना या गोष्टी परक्या साच्यात कोठून असणार?

मराठी मुद्रणाच्या इतिहासात याचा धडा आहे. जावजी दादाजींनी टाइपांचा कारखाना आधी काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी कारागीर त्यांना लाभला होता. अक्षर आपल्या हाती असले तरच पान आपल्या हाती राहते, हे त्यांनी ओळखले होते. आणि घरासाठी घडविलेले ते टाइप पुढे इतर छापखान्यांनीही वापरले.

तेव्हा मध्यम मार्ग हाच योग्य. पाया उसना घ्यावा, मराठीचा थर आपला असावा. प्रथम आपल्याच पडद्यांची झडती घेऊन किती तऱ्हेची बटणे आहेत ते मोजावे. जे तीन ठिकाणी लागते तेवढेच प्रमाण करावे. रंगाला ‘तांबडा’ नव्हे तर ‘धोका’ असे कार्यावरून नाव द्यावे, म्हणजे उद्या छटा बदलली तरी प्रोग्रॅम बदलावा लागणार नाही. शब्दांची यादी करून ‘जतन करा’ ठरले की सर्वत्र तेच ठेवावे. अक्षरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेल्या ‘मुक्त’सारखे खुल्या परवान्याचे फाँट उपलब्ध आहेत. परीक्षा मात्र कार्यालयातील मोठ्या पडद्यावर घेऊ नये. ती स्वस्त मोबाइलवर, भर उन्हात घ्यावी.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न राखणीचा आहे. भंडारा जिल्ह्याला तो निराळा समजावून सांगावयास नको. कोहळी समाजाने बांधलेले येथील मालगुजारी तलाव कित्येक पिढ्या टिकले, कारण गाळ कोणी काढावयाचा आणि पाळ कोणी सांभाळावयाची हे ठरलेले होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले. जबाबदारीचा हा धागा सुटला आणि अनेक तलाव उथळ झाले. लहान चमूच्या या नियमसंग्रहाचीही तीच गत होईल. त्याचा एक नावनिशीचा राखणदार असावा, प्रत्येक बदलाची नोंद व्हावी आणि आठवड्यातील काही तास त्यासाठी राखून ठेवावेत. एवढी तयारी नसेल तर तो उभारूच नये. कारण निर्वाहाची तरतूद नसलेले बांधकाम हे भांडवल नव्हे, ते कर्ज आहे.