अळीला हाकललं, मग फुलपाखरू येणार कुठून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात बटरफ्लाय गार्डन झालं. फीत कापली, सेल्फी काढले. पंधरा दिवसांनी मीच तक्रार केली, 'काका, कुंपणावरच्या वेलीला कीड लागलीय.' माळीकाकांनी फवारा मारला. संध्याकाळपर्यंत काळ्या पट्ट्यांच्या पांढुरक्या अळ्या खाली पडल्या होत्या. त्या ब्लू टायगरच्या होत्या, हे मला नंतर कळलं. बागेच्या बोर्डवर ज्याचा फोटो आहे ना, तेच फुलपाखरू!

ती वेल हरणदोडीची. रुईच्या कुळातली, अस्सल इथली. पान तोडलं की चीक येतो. उन्हाळ्यात फुलांचे झुबके लटकतात, पण फुलंही हिरवीच. रीलमध्ये उठून दिसत नाहीत, म्हणून तिला भाव नाही. नर्सरीत 'फुलपाखरांचं झाड' मागितलं तर हातात पडतं हळदीकुंकू. तेही रुईच्याच कुळातलं, पण मूळचं अमेरिका खंडातलं. त्यावर फुलपाखरं येतात, नाही असं नाही. पण आपल्या कुंपणावरची उपटून ते विकत आणायचं, हे कुठलं शहाणपण?

मुळात आपली गल्लत इथे होते. मध म्हणजे टपरीवरचा चहा, कुठेही मिळतो. अंडी घालायला मात्र ठरावीक झाडच लागतं. ब्लू टायगरच्या अळ्यांसाठी हरणदोडी हे तसं झाड आहे. ते नसेल तर बाग फक्त चहाची टपरी.

लावणं अवघड नाही. तिची फळं जोडीने येतात. वाळून तडकली की रेशमी शेंडीचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून आधीच फळाला दोरा बांधून ठेवा. बी पावसाच्या सुरुवातीला पेरा. वेल मोठी होते, तेव्हा छोट्या कुंडीत कोंबू नका. कुंपण किंवा भक्कम मांडव द्या. पहिल्या उन्हाळ्यात पाणी चुकवू नका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, छाटणीनंतर हात धुवा. आणि फवारणी? अजिबात नाही.

'पानं कुरतडलेली बाग पाहुण्यांना कशी दाखवायची?' असं एका मीटिंगमध्ये विचारलं गेलं. माझं म्हणणं, तीच दाखवा. एकही पान खाल्लेलं नसेल, तर त्या गार्डनच्या नावातलं 'बटरफ्लाय' खोडून टाका.

यंदा वेल पुन्हा फुटलीय. परवा काकांनी हाक मारली, 'मॅडम, परत कीड आली. मारू का फवारा?' मी धावतच गेले. पानामागे तीन अळ्या होत्या. 'राहू द्या काका,' म्हटलं, 'पाहुणे आहेत.' काका हसले. आता तेच पोरांना ओरडतात, 'ए, त्या पानाला हात लावू नका!'