खाल्ल्या मिठाचं परीक्षण

डिसेंबरातला गोवा. विमानाचं तिकीट कंपनीचं, विमानतळावर माझ्या नावाची पाटी धरून उभा असलेला माणूस कंपनीचा, समुद्राकडे तोंड असलेली खोलीही कंपनीची. रात्री जेवताना शेजारी बसलेला हसतमुख गृहस्थ अर्थातच कंपनीचा. माझ्या मुलीची बारावी आहे हे त्याच्या बरोबर लक्षात होतं. सकाळी सात वाजता अंगणात बारा नव्या इलेक्ट्रिक गाड्या रांगेत उभ्या होत्या, पुसून लखलखीत केलेल्या, प्रत्येकीच्या पडद्यावर शंभर टक्के चार्ज. हातात छापील नकाशा दिला गेला: या पुलावरून जा, त्या चर्चपाशी फोटो काढा, साडेबाराला जेवायला या. जेवून बाहेर आलो तर सकाळी चालवलेली गाडी जागेवर नव्हती. तिच्या जागी तसलीच दुसरी, पुन्हा शंभर टक्के. "परतीला ही घ्या सर, हिच्या सीटचा रंग वेगळाय, दोन्ही बघून होतील." सकाळच्या गाडीने किती किलोमीटरला किती टक्के खाल्ले, एवढं एकच मला मोजायचं होतं. ते मोजण्याआधीच गाडी उचलली गेली होती.

मी भांडलो नाही. परत येऊन लिहिलं, "रेंज समाधानकारक वाटते." 'वाटते' हे क्रियापद आमच्या धंद्यात फार कामाला येतं.

चार महिन्यांनी साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी तीच गाडी घेतली होती. आवाजात राग नव्हता, तेच जास्त बोचलं. एसी लावून, चार माणसं बसवून, खंबाटकी चढून गेलं की कागदावरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशही पदरात पडत नाही, असं त्यांनी वहीत तारीखवार लिहून ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला किती मिळाली होती?" मी नेटवर्कचं निमित्त सांगून फोन ठेवला.

त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. मला काहीच मिळाली नव्हती, कारण मी मोजलीच नव्हती. मोजू दिलं नाही हे खरं, पण 'मोजू दिलं नाही' असं मी लिहिलंही नाही, हे त्याहून खरं.

हा व्यवहार कसा चालतो हे वाचकाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. नवी गाडी येण्याआधी मोजक्या लोकांना आमंत्रण जातं. सोबत एक अट असते, तिला धंद्यात एम्बार्गो म्हणतात: अमुक तारखेला, अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एम्बार्गो हे मुळात पाप नाही. सगळ्यांना सारखा वेळ मिळावा, पहिलं येण्याच्या घाईत कोणी अर्धवट लिहू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण आता त्याचे तुकडे पाडले जातात. आधी नुसता चेहरा दाखवायचा, मग बसून बघायचं, मग कंपनीच्या स्वतःच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, मग रस्त्यावर तीन तास, आणि किंमत सगळ्यात शेवटी. प्रत्येक तुकड्याला एक लेख, एक व्हिडिओ. महिनाभर गाडीचा गाजावाजा होत राहतो आणि त्या गाजावाज्यात ती आठवडाभर वापरून पाहिलेला माणूस एकही नसतो. ज्याने वाकडं लिहिलं त्याला कोणी धमकावत नाही. पुढच्या वेळी त्याचं नाव यादीत नसतं, एवढंच. ज्या दिवशी सगळ्यांचे व्हिडिओ येतात त्या दिवशी त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. आठवडाभराने आलेलं परीक्षण कोण बघतो? ही शिक्षा न सुनावता भोगायला लागते, म्हणून तिच्याविरुद्ध अपीलही नाही.

पेट्रोलच्या गाडीत हे काही प्रमाणात खपून जात होतं. इंजिनाचा आवाज, गिअरचा खडखडाट, सस्पेन्शनचा दणका तीन तासांत कळतो. इलेक्ट्रिक गाडीचं मर्म तीन तासांत दिसतच नाही. बॅटरी उन्हाळ्यात किती टिकते, रस्त्यावरच्या चार्जरशी गाडीचं जुळतं की नाही, पावसात चार्जिंगचं झाकण उघडायला काय कसरत करावी लागते, दहा टक्क्यांच्या खाली आल्यावर पडद्यावरचा आकडा खरं बोलतो की घसरगुंडीवरून सुटतो, हे सगळं महिन्यांचं काम आहे. वर सॉफ्टवेअर नावाची नवी ढाल आली आहे. दोष दाखवला की उत्तर तयार असतं: "पुढच्या अपडेटमध्ये होईल." म्हणजे समोरच्या गाडीचं नव्हे, दिलेल्या वचनाचं परीक्षण करायचं.

अमेरिकेत फिस्कर नावाच्या कंपनीने हेच करून पाहिलं. तिची 'ओशन' ही गाडी ऑस्ट्रियात मॅग्नाच्या कारखान्यात बनत होती. मार्क्वेस ब्राउनली या प्रसिद्ध यूट्यूबरला कंपनीचं म्हणणं होतं, नवं सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबा. तो थांबला नाही. न्यू जर्सीतल्या एका डीलरकडून त्याने गाडी मागून घेतली, जी गाडी लोकांना विकली जात होती तीच, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं की आजवर परीक्षण केलेल्या गाड्यांत ही सगळ्यात वाईट. त्यानंतर कंपनीच्या एका अभियंत्याने त्या डीलरला फोन केला, आणि तो फोनही जगजाहीर झाला. जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा शहाणे लोक काय म्हणाले असतील? एका व्हिडिओने कंपनी बुडवली! घराला भेग आहे हे सांगणाऱ्यानेच घर पाडलं, असं म्हणण्यासारखं आहे हे. अपुरं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला विकायला चालत होतं, परीक्षकाला दाखवायला तेवढं चालत नव्हतं.

टेस्लाची रीत निराळी. 2020 मध्ये या कंपनीने अमेरिकेतला आपला जनसंपर्क विभागच गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. पत्रकारांची गरजच काय, भक्त आहेत ना! आपल्या ओळखीवर गाड्या खपवणाऱ्या मालकांसाठी बक्षिसांची योजना होती आणि पुरेशी गिऱ्हाइकं आणणाऱ्याला नवी 'रोडस्टर' फुकट मिळणार होती. यूट्यूबवर टेस्लाचं कौतुक करणाऱ्या कित्येकांनी ती 'जिंकली'ही. 2017 मध्ये दाखवलेली ही गाडी 2025 मध्येही कोणाच्या हाती आलेली नव्हती, ही त्यातली गंमत. स्तुतीसुद्धा उधारीवर करून घेतलेली. पुढे 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'ची, म्हणजे गाडीने आपोआप चालण्याची, चाचणी निवडक मालकांच्या हाती दिली, तेव्हा त्यांच्याकडून गुप्ततेच्या करारावर सही घेतली होती आणि काय दाखवावं, काय दाखवू नये याचं मार्गदर्शनही त्यात होतं. 2021 मध्ये हे उजेडात आलं. रस्त्यावरून चालणाऱ्या तिऱ्हाइताने मात्र कसल्याच करारावर सही केलेली नव्हती.

2013 मधली न्यूयॉर्क टाइम्सची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. त्यांच्या वार्ताहराने कडाक्याच्या थंडीत टेस्लाची 'मॉडेल एस' चालवली आणि वाटेत गाडी ट्रकवर लादावी लागली. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी लेख खोटा ठरवला आणि त्या गाडीने प्रवासभर केलेल्या नोंदी जाहीर केल्या: वेग किती, आतलं तापमान किती, चार्जिंग किती वेळ. वृत्तपत्राच्याच लोकसंपादकाने चौकशी केली. वार्ताहराने नोंदी नेमकेपणाने ठेवल्या नाहीत, पण त्याच्या हेतूत खोट नाही, असा निर्वाळा दिला. वार्ताहर चुकला असेल, नसेल. पण घोड्यावरून उतरल्यावर घोडा मालकाकडे जाऊन स्वाराची चहाडी करू लागला, तसं हे घडलं. उसनी आणलेली इलेक्ट्रिक गाडी ही मालकाची हेर असते. परीक्षक तिला तपासतो त्याहून बारकाईने ती परीक्षकाला तपासते.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे रेंजचा जो आकडा जाहिरातीत छापतात तो प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून, ठरावीक पद्धतीने काढलेला असतो. ही कामं करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातलीच. तो आकडा खोटा नाही, पण आपल्या रस्त्यांचा नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही 2020 मध्ये 312 किलोमीटरच्या आकड्यासह आली. तेवढी रेंज मिळत नाही अशी एका मालकाची तक्रार झाली आणि मार्च 2021 मध्ये दिल्ली सरकारने तिचं अनुदान रोखलं. उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. आज तीच कंपनी 45 युनिटच्या बॅटरीसाठी प्रमाणपत्रातला 489 चा आकडा देते आणि शेजारीच सांगते की प्रत्यक्षात 350 ते 370 धरा. हा प्रामाणिकपणा स्वागतार्ह आहे. पण हिशोब करा, दोन आकड्यांत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला पोहोचून थोडं उरेल इतकं. हे अंतर मोजून वाचकाला सांगणं हेच परीक्षकाचं पहिलं काम होतं.

काही नियतकालिकं ते करतातही, स्वतःच्या रस्त्यावर, स्वतःच्या खर्चाने. त्यांना माझा नमस्कार. पण त्यांचे आकडे येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. महिंद्राच्या दोन नव्या इलेक्ट्रिक गाड्यांची नोंदणी 14 फेब्रुवारी 2025 ला उघडली आणि पहिल्याच दिवशी 30,179 गाड्या नोंदल्या गेल्या. महिंद्रांनी काही लबाडी केली असं माझं म्हणणं नाही. गाड्या चांगल्याही असतील. म्हणणं एवढंच की त्या दिवशी देशात या गाड्यांचा एकही सामान्य मालक अस्तित्वात नव्हता. ज्यांनी पैसे भरले त्यांनी पाहुण्यांच्या शब्दावर भरले.

आणि आता, वाचकहो, तुमच्याकडे वळतो, कारण कंपन्यांना शिव्या घालून टाळ्या मिळवणं सोपं आहे. कंपनी आपला माल विकणार, त्यात नवल काय! आम्ही परीक्षक मिंधे झालो, तेही कबूल. 6 जानेवारीला दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालायचा आणि 7 तारखेला कंपनीच्या तिकिटावर विमानात बसायचं, ही आमची पत्रकारिता. पण आम्हाला मिंधं कोणी ठेवलं? तुम्ही मंडईत कलिंगड थापटून घेता. हापूसच्या पेटीत खालच्या थरात हात घालून बघता. दोनशे रुपयांची भाजी घेताना भाजीवालीच्या तराजूकडे डोळे वटारता. आणि वीस लाखांची गाडी घेताना, ज्याच्या जेवणाचं बिल विकणाऱ्याने भरलं त्याला विचारता, "कशी आहे हो?" खऱ्या परीक्षणाला पैसे लागतात. ते तुम्ही देत नाही. वर्षाला पाचशे रुपयांची वर्गणी तुम्हाला जड, म्हणून त्याच्या कैकपट रक्कम तो विकणारा मोजतो आणि मग गाडीच्या किमतीतून तुमच्याकडूनच वसूल करतो.

याहून मोठा दोष सांगतो, कडू लागेल. तुम्हाला परीक्षण नकोच असतं. मन आधीच ठरलेलं असतं, हवा असतो फक्त कोणीतरी मान डोलावणारा. मी एकदा एका लोकप्रिय देशी गाडीच्या चार्जिंगमधला दोष लिहिला. कंपनीने ब्र काढला नाही. शिव्या आल्या त्या मालकांकडून. देशद्रोही, विकला गेलेला, पेट्रोलवाल्यांचा दलाल! गाडीला नाव ठेवलं की कुळाला नाव ठेवल्यासारखं पेटून उठणारा हा समाज. जात सोडली म्हणणाऱ्यांनी ब्रँडची जात धरली आहे, आणि तिच्यातही वाळीत टाकणं आहे. कंपनीला कोणाचं तोंड दाबायची गरजच उरलेली नाही. तिचे बिनपगारी शिपाई तुमच्याच घरात आहेत.

कायदा आहे म्हणाल, तर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या प्रचारासाठी 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. जानेवारी 2023 मध्ये सरकारने स्पष्टही केलं की फुकट प्रवास, फुकट मुक्काम, फुकट वस्तू हेही लागेबांधेच, ते ठळक सांगितले पाहिजेत. गेल्या महिन्यात पाहिलेले गाड्यांचे व्हिडिओ आठवा. "माझं तिकीट आणि हॉटेल कंपनीने दिलं आहे" हे वाक्य किती वेळा ऐकलंत?

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था 1936 पासून आहे. ती जाहिरात घेत नाही. गाड्या दुकानात जाऊन, आपली ओळख न सांगता, पुरे पैसे मोजून विकत घेते. हा खर्च निघतो वाचकांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून. मे 2018 मध्ये तिने टेस्लाच्या मॉडेल 3 चे ब्रेक तपासले. ताशी 60 मैलांच्या वेगावरून थांबायला गाडीने 152 फूट घेतले. संस्थेने तसं छापलं आणि शिफारस नाकारली. काही दिवसांत कंपनीने सॉफ्टवेअर बदललं, तीच गाडी 133 फुटांत थांबली. मधले 19 फूट, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन स्कूटर. मग संस्थेने शिफारसही केली. टेस्लाशी वैर ना मैत्री.

आपल्याला हे परकं नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचं वाणसामान सामूहिक खरेदीने आणू लागली. आपल्याच आईवडिलांनी तांदूळ-डाळीसाठी जे केलं ते गाडीसाठी करता येणार नाही? दोन हजार माणसांनी हजार-हजार रुपये काढले की वीस लाख होतात. त्यात एक गाडी येते. ती सहा महिने कोल्हापूर ते नागपूर चालवावी, उन्हात आणि पावसात, एसी लावून, चार माणसं बसवून. वहीत तारीखवार आकडे लिहावेत आणि जसेच्या तसे छापावेत. नंतर गाडी विकून टाकावी, निम्मे पैसे तरी परत येतील आणि त्यात पुढच्या गाडीची सोय सुरू होईल.

वही कशी ठेवायची ते साताऱ्याच्या गुरुजींना विचारू. पहिले हजार रुपये मी काढून ठेवले आहेत. उरले एक हजार नऊशे नव्व्याण्णव जण.