म्हातारा रोलर कोस्टर: थोडी डागडुजी की जीर्णोद्धार?



मागच्या आठवड्यात कुणीतरी इथे एस्सेलवर्ल्डचा जुना फोटो टाकला आणि खाली आठवणींचा पाऊस पडला. डिचोली, साखळी, पेडणे, कोरगाव, कुठून कुठून माणसं लिहिती झाली. साहजिक आहे. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे गेलेल्या आपल्या घरांपैकी गोराईला न जाता परत आलेली थोडीच असतील. तेव्हा कोकण रेल्वे पुरी झाली नव्हती. पत्रादेवीचा नाका ओलांडून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून जायचं आणि मग मुलांच्या हट्टापायी पुन्हा हाडं खिळखिळी करणाऱ्या पाळण्यात बसायचं! आम्ही 1993 साली बँकेच्या एलएफसीवर गेलो होतो. मार्व्याच्या जेटीवरून होडी, पलीकडे उतरलं की मुलं पळत सुटायची, आणि झिपर डिपरच्या रांगेत तासभर ऊन खात उभं राहायचं.

त्या आठवणींवर मला काही म्हणायचं नाही. पण त्याखाली बऱ्याच जणांनी एक वाक्य लिहिलं आहे: "बंद कशाला केलं, थोडी डागडुजी करून चालवायला हवं होतं." त्यातल्या "थोडी डागडुजी" या दोन शब्दांवर मला बोलायचं आहे.

एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं आणि 2022 साली बंद झालं. शेजारचं वॉटर किंगडम चालू राहिलं. म्हणजे 33 वर्षं. माणसाची तेहतीस ही उमेद, पण समुद्राच्या खाडीला लागून उभ्या असलेल्या लोखंडाची तेहतीस म्हणजे पिकलं पान. हरमल, मोरजी, केरीच्या मंडळींना हे सांगायला नको. तुमच्या फाटकाच्या बिजागऱ्या किती वर्षं टिकतात? बाहेरून रंग सुरेख असतो, नखाने टोकरलं की पापुद्रा निघतो आणि खाली लाल भुगा.

आता, रोलर कोस्टरमध्ये नेमकं म्हातारं काय होतं? आपल्याला रूळ आणि डबे एवढंच दिसतं. डब्याला चाकं एका बाजूने नसतात, तीन बाजूंनी असतात. रुळाच्या वर भार घेणारी, बाजूला वळणावर धरून ठेवणारी, आणि रुळाच्या खाली, डबा वर उचलला जाऊ नये म्हणून. ही चाकं झिजतात, ती बदलतात, त्यात मोठं काही नाही. चाकाची धरणी जो आस करतो, त्याचं मात्र तसं नाही. चढावर साखळी डबा ओढत नेते तेव्हा जो कटकट-कटकट आवाज येतो, तो बऱ्याच जणांना मशीन जुनं झाल्याचा वाटतो. तो तसा नाही. साखळी तुटलीच तर डबा मागे घसरू नये म्हणून खालच्या दात्यांत अडकत जाणाऱ्या खुंटीचा तो आवाज. तो आवाज येतोय तोवर बरं. ज्याची भीती धरायची त्याला आवाजच नसतो. रुळाच्या जोडावर, आसाच्या कडेला, केसाएवढी चीर पडते. रोज हजार वेळा भार येतो आणि उतरतो, आणि ती चीर रोज किंचित पुढे सरकते. लोखंड वाकत नाही, कुरकुरत नाही, एक दिवस फटकन तुटतं. इंजिनिअर लोक याला धातूचा थकवा म्हणतात.

जपानात ओसाकाजवळ एक्स्पोलँड नावाचं उद्यान होतं. 5 मे 2007 रोजी, ऐन सुट्टीच्या गर्दीत, तिथल्या रोलर कोस्टरच्या एका डब्याचा आस तुटला आणि एकोणीस वर्षांची मुलगी गेली. चौकशीत काय निघालं? तो आस पंधरा वर्षांत एकदाही बदललेला नव्हता, आणि चिरा शोधण्याची त्या वर्षीची तपासणी सुट्टीचा हंगाम संपेपर्यंत पुढे ढकललेली होती. जपान म्हणजे शिस्तीचं माहेरघर! रंग व्यवस्थित असणार, कर्मचारी वाकून नमस्कार करत असणार. पुढे ते उद्यान कायमचं बंद झालं.

मी नोकरीची बरीच वर्षं डिचोलीत काढली. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्याकडे टिपरची कर्जं रांगेने यायची. जुन्या गाडीवर कर्ज मागायला आलेला माणूस गाडी आदल्या दिवशी धुऊन, रंगवून, पुढे लिंबू-मिरची बांधून आणायचा. आमच्या एका जुन्या साहेबांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "रंग जेवढा नवा, तेवढं खाली जास्त वाकून बघ." मग मी पँट सांभाळत चासीखाली वाकायचो. चासीला वेल्डिंगचं ठिगळ दिसलं की तारणाची किंमत निम्मी. इंजिन बदलता येतं, टायर बदलता येतात, चासीचं दुखणं झाकता येतं पण जात नाही. रोलर कोस्टरची डागडुजी म्हणजे काय करणार, असं विचारलं तर दहांतले नऊ जण सांगतील, रंग, नवे दिवे, डब्याला वाघाचं तोंड. म्हणजे लिंबू-मिरचीच.

आता थोडं हिशेबाचं. कॉमर्सवाल्याला गप्प बसवत नाही, माफ करा. मशीन विकत घेतलं की दरवर्षी घसारा लावतात. समजा एक कोटीचा रोलर कोस्टर आहे आणि घटत्या किमतीवर 15 टक्के घसारा. पंधरा वर्षांनी वहीत तो पावणेनऊ लाखांचा उरतो आणि तेहतीस वर्षांनी सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. आपल्या नव्या कंपनी कायद्यातसुद्धा साध्या यंत्रसामग्रीचं आयुष्य 15 वर्षं धरलं आहे. इथपर्यंत ठीक. पण घसारा लावला म्हणजे तेवढे पैसे कुठेतरी साठले, असा समज भल्याभल्यांचा असतो. तो फक्त वहीतला आकडा असतो. पैसे बाजूला काढून वेगळ्या निधीत टाकले तरच ते असतात. आणि टाकले तरी जुन्या किमतीचे टाकतात, नवा रूळ आजच्या भावाने घ्यावा लागतो. म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी मालकासमोर हा प्रश्न येतो तेव्हा त्याच्याकडे तीनच गोष्टी असतात: सत्तेचाळीस हजारांचं मशीन, रिकामा निधी आणि लोकांच्या आठवणी. मग "थोडी डागडुजी" ही कल्पना फार गोड वाटू लागते. कर्जाचा हप्ता चुकला तर बँक दुसऱ्या दिवशी फोन करते, देखभाल चुकली तर कुणाचा फोन येत नाही. मी फोन करणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून हे ठाऊक आहे.

याचा अर्थ जुनं ते मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन 1927 सालचा आहे आणि अजून धावतो. मेलबर्नच्या लूना पार्कमधला तर 1912 सालचा. त्यात ब्रेक लावायला अजून एक माणूस डब्यांच्या मध्ये उभा असतो. हे टिकले कसे? सायक्लोनचे रूळ लाकडी. हिवाळ्यात पार्क बंद असताना दरवर्षी थोडा थोडा भाग उचलून नवा घातला, असं करत वर्षानुवर्षं काम चाललं. आकार तोच, चढ-उतार तेच, माल नवा. जपानातल्याच नागाशिमा स्पा लँडने 1994 सालचा लाकडी रोलर कोस्टर 2018 साली थांबवला, खालच्या सांगाड्यावर पोलादी रूळ चढवला आणि 2019 साली नव्या नावाने उघडला. टोकियोच्या डिस्नीलँडने 1983 पासूनचा स्पेस माउंटन 2024 साली थांबवून नव्याने बांधायला घेतला, तो 2027 साली उघडायचं ठरलं आहे. तीन वर्षं एवढी गर्दीची जागा बंद ठेवायची, म्हणजे किती उत्पन्न बुडालं याचा विचार करा.

आपल्याकडे याला शब्दसुद्धा आहे, जीर्णोद्धार. नार्व्याचं सप्तकोटेश्वर देऊळ आपल्या तालुक्यातलं. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि आता सरकारने पुन्हा काम करून 2023 च्या फेब्रुवारीत ते खुलं केलं. काम चालू असताना भक्तांची अडचण झाली, कुरकुरही झाली. पण गळकं छप्पर तसंच ठेवून बाहेरून चुना फासा, असं काही कुणी म्हटलं नाही. देवाच्या रथाचं चाक तडकलं तर आपण त्याला ठिगळ लावून रथ ओढत नाही. सुताराला बोलावतो, लाकूड निवडतो, महाजनांकडून वर्गणी काढतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोलर कोस्टर म्हातारा झाला तर त्याचे आस, जोड, रूळ, ब्रेक, नियंत्रण हे सगळं उघडून तपासावं, चिरा शोधणाऱ्या यंत्रांनी तपासावं, आणि जे संपलंय ते नवं घालावं. महिनोन्महिने बंद ठेवावा लागला तर ठेवावा. एवढे पैसे नसतील तर हार घालून निरोप द्यावा. एस्सेलवर्ल्ड का बंद झालं त्याच्या व्यवहारात मी शिरत नाही, पण अर्धवट ठिगळं लावून 2030 पर्यंत चालवण्यापेक्षा बंद झालं हे मला बरं वाटतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधला नायट्रो 2013 सालचा. आपली नातवंडं आता तिकडे जातात. हा प्रश्न आज ना उद्या त्याच्याही वाट्याला येणार आहे.

शेजारी राहणारे एक गृहस्थ खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही गोराईची काळजी करताय. बोडगेश्वराच्या जत्रेतल्या पाळण्याचं काय?"

बरोबर आहे त्यांचं. गोव्यात रोलर कोस्टर असलेलं मोठं उद्यान नाही, पण आकाशपाळणे, होड्या, ड्रॅगनच्या गाड्या यांना तोटा नाही. म्हापशाची जत्रा, जुन्या गोव्याचं फेस्त, गावोगावचे उत्सव. उद्यानातला रोलर कोस्टर निदान एका जागी उभा असतो. जत्रेतला पाळणा ट्रकवरून येतो, रातोरात जोडला जातो, आठ-दहा दिवस फिरतो, सुटा होतो आणि पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो. प्रत्येक पिन, प्रत्येक बोल्ट किती वेळा काढला-घातला याची गणती कुणाकडे नसते. तो किती साली बनला, हेसुद्धा चालवणाऱ्या पोराला माहीत नसतं. अहमदाबादला कांकरिया तलावावर 2019 च्या जुलैत असाच एक झोका मधल्या दांड्यातून तुटला, माणसं गेली. तोही एका जागी उभा असलेला होता. भारतीय मानक ब्युरोची अशा पाळण्यांसाठी संहिता आहे, आयएस 15475. म्हणजे नियम नाहीत असंही नाही.

आणि गंमत बघा. मयेच्या तळ्यावर 2019 साली बंजी जंपिंगचा मनोरा झाला. आमच्या पिढीने कपाळाला हात लावला, पायाला दोरी बांधून 55 मीटरवरून उडी म्हणजे वेडेपणाच! मीही लावला. पण या खेळात रबरी दोरीची प्रत्येक उडी मोजून लिहून ठेवायची रीत आहे. ठरावीक उड्या झाल्या की दोरी दिसायला कितीही चांगली असो, निकालात काढतात. त्या हिशेबी खेळाला आपण घाबरतो आणि ज्याचा कसलाच हिशेब नाही त्या पाळण्यात चार वर्षांच्या नातीला बसवून खाली उभे राहून फोटो काढतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कितें जातलें रे!"

शिरगावात 2025 च्या मे महिन्यात चेंगराचेंगरी झाली तेव्हा आपण सगळे आठवडाभर सुरक्षेवर बोललो. पाळण्यांचा त्याच्याशी संबंध नाही, पण बोलणं नंतरच का सुचतं, एवढंच मनात आलं.

आमच्या वाड्यावरच्या चौघांनी मिळून पंचायतीला आणि उत्सव समितीला एक अर्ज द्यायचं ठरवलं आहे. मागणी छोटी आहे: जत्रेत लागणाऱ्या प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या तिकीट खिडकीवर एक पाटी असावी. पाळणा कोणत्या साली बनला, मुख्य आस आणि बेअरिंग शेवटचं कधी बदललं, चिरांची तपासणी कुणी आणि कोणत्या तारखेला केली, आणि खाली त्या इंजिनिअरची सही. पाटी नसेल तर समितीने जागा देऊ नये. यात समितीचा खर्च शून्य. पाळणेवाले तिकिटामागे दहा रुपये वाढवतील, वाढवू देत.

मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे, फिटरभाऊंनी त्यातले तांत्रिक शब्द तपासले आहेत. पेडण्याच्या मंडळींना आपल्या पंचायतीसाठी हवा असेल तर सांगा, पाठवतो. तुमच्या गावच्या समितीचं नाव तेवढं बदलून घ्या.