कारकुनावर हसणे सोपे आहे

फराळाची ताटे पुढे आली, की घरातला दूरचित्रवाणी संच चालू होतोच, आणि त्यावर एखाद्या पुढाऱ्याची, साहेबाची, नाहीतर तलाठ्याची टिंगल चाललेली असते. आजोबा हसतात, नातवंडे हसतात. मग कोणीतरी समाधानाने म्हणतो, ‘‘पाहा, आपल्याकडे सरकारवर हसायची मोकळीक आहे!’’ माझे भांडण आहे ते या समाधानाशी. आपण सरकारवर हसतच नाही. आपण हसतो ते सरकारच्या खिडकीत बसलेल्या माणसावर.

२००१ साली ‘सब’ वाहिनीवर ‘ऑफिस ऑफिस’ ही मालिका आली. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर खेपेला नव्या कचेरीत जाई, आणि तिथे त्याला छळायला तीच पाच माणसे बसलेली असत. कल्पना नामी, काम अव्वल. पण सारे खिडकीबाहेरून पाहिलेले. हात पुढे करणारा माणूस दिसला. ठराव मांडतो कोण आणि कंत्राट कोणाला द्यायचे हे ठरते कुठे, तिकडे मालिकेचा रोख नव्हता.

त्याच साली ‘स्टार प्लस’ने इंग्रजांच्या ‘येस मिनिस्टर’वरून ‘जी मंत्रीजी’ काढली. फारूख शेख मंत्री झाले. १९८० साली सुरू झालेल्या त्या मूळ मालिकेचे मर्म असे, की सगळे सभ्य, सगळे सुशिक्षित. तरी मंत्र्याने योजलेली गोष्ट सचिव गोड बोलून, समिती नेमून, अहवाल मागवून बरोबर जिरवतो. इथे हसू माणसाच्या पोटावर नाही, कारभाराच्या रीतीवर आहे. हसता हसता प्रेक्षक फाइल वाचायला शिकतो.

हे मराठीत का होऊ नये? विषय तर आम्हा खान्देशकरांच्या दारात पडलेले आहेत. झोपडपट्टीतल्या लोकांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याचा बेत जळगावच्या तेव्हाच्या नगरपालिकेने केला. कर्ज काढले, कंत्राट दिले. पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. २००६ साली फिर्याद झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. निकालावर पुढे अपिले झाली. त्या ४८ जणांत खिडकीतले कारकून किती? भरणा होता तो नगरसेवकांचा. म्हणजे सभेत हात वर करणाऱ्यांचा. कर्जाचे ओझे मात्र सारे शहर वर्षानुवर्षे वाहत राहिले.

धुळ्याने तर मे २०२५ मध्ये आयते प्रहसनच दिले. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर आली असताना ‘गुलमोहर’ या सरकारी विश्रामगृहातल्या १०२ क्रमांकाच्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. समितीचे नाव ‘अंदाज’; आणि पैसे कोणाचे, याचा अंदाज बांधत बसले सारे राज्य! असे नाव एखाद्या लेखकाने योजले असते, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हणून नावे ठेवली असती.

कोणी म्हणेल, ‘‘ठरावात आणि टिपणीत कसला आलाय विनोद? सणासुदीला माणसाला चार घटका हसू द्या.’’ हसू द्याच! वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ साली राजा, प्रधान आणि कोतवाल यांना रंगमंचावर उभे केले, आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. तिथे विनोद होता तो नेमणुकीचा: कोतवालाची जागा कोणाला आणि कशासाठी मिळते याचा. आणि ज्याने पालिकेची सभा एकदा पाहिली आहे, त्याला विनोद शिकवायला नको. विषय वाचायच्या आत ‘मंजूर’, वाचल्यावर ‘मंजूर’, आणि ज्याला ऐकूच आले नाही त्याचेही ‘मंजूर’! यापुढे कोणते प्रहसन टिकेल?

पण वाहिन्यांना हे नको असते. टोपीची नक्कल केली, बोलीची थट्टा केली, की ज्याची नक्कल तोही टाळ्या वाजवतो. सहीची नक्कल केली, तर टाळ्या वाजणार नाहीत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी पडद्यावरच्या कारकुनाला हसाल तेव्हा शेजारच्याला एवढेच विचारा : या कागदावर सही कोणाची? घरकुलाची वाट पाहणाऱ्यांना हा प्रश्न कधीच विनोदी वाटला नाही.