करंगळी

आमच्या खराडीच्या इमारतीत एक जपानी इंजिनियर राहावयास आले. शेजारधर्म म्हणून मी त्यांना चहाला बोलावले. ते वाकून नमस्कार करीत असता माझी दृष्टी गेली कोठे? त्यांच्या करंगळीवर! ती शाबूत आहे हे पाहून, खोटे कशाला सांगू, किंचित निराशाच झाली. चार बुके वाचलेल्या माणसाची ही गत! आणि ही शिकवण मला जपानने नव्हे, हॉलिवूडने दिली.

१९८९ चा 'ब्लॅक रेन' घ्या. त्यातले ओसाका म्हणजे धूर, रंगीत दिवे, तलवार आणि कापलेले बोट. त्याच साली शोहेई इमामुरा यांनीही त्याच अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. त्यातला काळा पाऊस हिरोशिमाचा आहे, आणि तो अंगावर घेतलेल्या मुलीचे लग्न जमता जमत नाही. अमेरिकन पटाने मात्र तो पाऊस एका म्हाताऱ्या गुंडाच्या तोंडी दोन-चार वाक्यांत उरकला. 'रायझिंग सन'मध्ये (१९९३) तर जपानी रीतभात समजावून सांगतो कोण? शॉन कॉनरी!

गुन्ह्याच्या गोष्टीत गुन्हेगार असायचेच, असे कोणी म्हणेल. असावेत की! पण त्यांना घर असावे, आई असावी, भाडे थकलेले असावे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून निघालेल्या 'अर्धसत्य'मधला (१९८३) वेलणकर फौजदार हिंदी बोलतो. पण आईला मारणारा बाप त्याच्या मनातून जात नाही, म्हणून तो माझ्या ओळखीचा वाटतो. उलट 'सिंघम' (२०११) पाहा. मूळचा तामिळ 'सिंगम' (२०१०). त्याला बाजीराव हे नाव आणि रागाचे एक मराठी वाक्य चिकटवले, की झाला मराठी माणूस तयार! जपान्याची करंगळी, तसे आमचे ते वाक्य.

दिल्लीला एका लग्नात मी मराठी असल्याचे कळताच यजमानांनी मला तेच वाक्य म्हणून दाखवण्याची फर्माईश केली. पाहुणे खुर्च्या ओढून बसले. मी जेवण टाकून उठलो, आणि परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत धुमसत होतो.

ते इंजिनियर परवा दिवाळीचा फराळ घेऊन गेले. चकली त्यांना फार आवडली. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हाताकडे का पाहत होतो, ते मी अद्याप त्यांना सांगितलेले नाही.