मडकं वाजवून, बोट मात्र फोटो पाहून!

आपल्याकडे साधं मडकं घेतानाही माणूस चारदा वाजवून बघतो. तोच माणूस वेरावळची जुनी लाकडी मच्छीमार बोट रत्नागिरीत बसून, मोबाइलवरचे फोटो पाहून लाखो रुपयांना ठरवतो! वर म्हणतो, "मालक ओळखीतला आहे हो, फसवायचा नाही."

नसेलही फसवत. पण पाण्याखालची फळी किड्याने पोखरलीय, हे त्याला तरी कुठे दिसतंय? नवा रंग फोटोत झकास दिसतो. कुजलेलं लाकूड आणि गंजलेले खिळे दिसत नाहीत. त्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून, जाणकाराने तळावर हातोडी मारत ऐकावं लागतं. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. अगदी मडक्यासारखंच! पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यालाच. तळ तपासायला आणखी कोणता मुहूर्त हवा?

आणि सर्व्हेअर आपण निवडलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. स्वतःच्या पेपरला कोणी कमी मार्क देतं का?

"तपासणीचे पैसे फुकट जातात," म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: त्या बोटीवर खलाशी म्हणून कोणाची मुलं जाणार आहेत?